इंदुमतीचा दाणा आणि आठ दिवसांचा शनिवार

ही गोष्ट खरी आहे. शप्पथ खरी. अगदी गळ्याला हात लावून खरी.

म्हणजे, मुंगी एवढं बोलते का, ते नक्की सांगता येत नाही. पाल बोलते का, तेही नाही. पण कुत्रा होता. शनिवारही होता. बहुतेक.

तर एक होती मुंगी. एवढीश्शी. नाव मात्र इंदुमती.

इंदुमतीला सापडला साखरेचा दाणा. पांढरा. चकचकीत. तिनं तो तोंडात धरला आणि निघाली घरी. तुरु तुरु तुरु.

घर कुठं? दाराच्या चौकटीत. एका भोकात.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. फिस्स्स!

आणि पैलवान पळाला. टक टक टक टक!

पैलवान म्हणजे कुत्रा. शोभनाकाकूंनी त्याला महिन्यापूर्वी शेल्टरमधून घरी आणलं होतं. नाव पैलवान. पण तो कुकरला घाबरायचा. बादलीला घाबरायचा. स्वतःच्या शिंकेला घाबरायचा. त्याची नखं वाढली होती, लांबच लांब. म्हणून चालला की फरशी वाजायची. टक टक टक. मग तो त्या आवाजालाही घाबरायचा.

पैलवान पळाला तो थेट इंदुमतीवरून. इंदुमती वाचली. दाणा गेला.

कुठं गेला? पैलवानच्या मागच्या उजव्या पायात. शेवटच्या नखामागं. केसांच्या गुंत्यात. रुतून बसला.

इंदुमती घरी गेली. तुरु तुरु तुरु.

"आई, आई, दार उघड."

"दाणा कुठाय?"

"गेला."

"मुंगीनं रिकाम्या तोंडानं घरी यायचं नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग ये दाणा घेऊन."

आईनं भोकावर वाळूचा खडा सरकवला. खर्र! झालं दार बंद.

आता इंदुमतीला घर नाही. दाणा नाही. नुसते सहा पाय. करायचं काय त्यांचं?

ती गेली पैलवानकडे. तुरु तुरु तुरु. पैलवान पलंगाखाली होता. थरथरत होता. थरथर थरथर.

"पैलवानदादा, पैलवानदादा!
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना.
तुम्ही पाय द्या ना!"

"नाही देणार," पैलवान म्हणाला.

"का हो?"

"पूर्वी एकानं माझा पाय धरला होता. घट्ट. नख कापलं, ते खोल कापलं. रक्त आलं. बास. आता पाय माझा. कुणाला देणार नाही."

"पण नख कापल्याशिवाय दाणा निघायचा नाही."

"ते नेलकटर कट्ट करतं. आधी त्याला सांग, हळू चाल."

इंदुमती गेली नेलकटरकडे. तुरु तुरु तुरु. ते खुंटीला लटकत होतं.

"नेलकटरराव, नेलकटरराव!
पैलवान पाय देईना,
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना.
तुम्ही हळू चाला ना!"

"चालेन की," नेलकटर म्हणालं. "पण मी आपणहून चालत नाही. मला पाय आहेत का? काकूंनी हातात घ्यायला हवं. आधी काकूंना सांग."

इंदुमती गेली काकूंकडे. तुरु तुरु तुरु. काकू खिचडी परतत होत्या. साबुदाण्याची.

"काकू, काकू!
नेलकटर चालेना,
पैलवान पाय देईना,
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना.
तुम्ही हातात घ्या ना!"

"घेतलं असतं गं," काकू म्हणाल्या. "पण आज शनिवार. शनिवारी नखं कापत नाहीत."

"मग उद्या?"

"उद्याचं काय सांगू? काल शनिवारच होता. परवाही शनिवार. आठ दिवस झाले, शनिवारच चाललाय. शनिवारचा माझा उपास. आठ दिवस खिचडी खातेय. आता साबुदाणा बघितला की रडू येतं."

काकूंना खरंच रडू आलं. थोडं. खिचडीत पडलं.

"आधी त्या शनिवारला सांग, जा म्हणावं."

इंदुमती गेली कॅलेंडरकडे. तुरु तुरु तुरु. भिंतीवर चढायला अर्धा तास लागला. रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर. वर शनिवार बसला होता.

"शनिवारराव, शनिवारराव!
काकू काही ऐकेना,
नेलकटर चालेना,
पैलवान पाय देईना,
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना.
तुम्ही आता जा ना!"

"मला काय हौस आहे?" शनिवार म्हणाला. "बसून बसून पाठ धरली माझी. पण पान फाडायचं काम नानांचं. नाना म्हणजे काकूंचे यजमान. ते गेलेत नाशिकला, लेकीकडे. तेव्हापासून मी इथंच."

"मग काकूंनी फाडावं!"

"छे! या घरात ज्याचं काम त्यानंच करायचं. आधी नानांना बोलव. फोनला सांग."

इंदुमती गेली फोनकडे. तुरु तुरु तुरु. फोन टेबलावर आडवा पडला होता. काळा. गार.

"फोनभाऊ, फोनभाऊ!
शनिवार काही जाईना,
काकू काही ऐकेना,
नेलकटर चालेना,
पैलवान पाय देईना,
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना.
तुम्ही जरा वाजा ना!"

फोन काहीच बोलला नाही.

इंदुमतीनं पुन्हा सगळं म्हटलं. फोन काहीच बोलला नाही.

तिसऱ्यांदा त्याच्या आतून बारीक आवाज आला. "पोटात... काही... नाही... चार्जर..."

इंदुमती गेली चार्जरकडे. तुरु तुरु तुरु. तिचे दोन पाय आता दुखत होते. बाकी चार चालत होते.

"चार्जरदादा, चार्जरदादा!
फोन काही वाजेना,
शनिवार काही जाईना,
काकू काही ऐकेना,
नेलकटर चालेना,
पैलवान पाय देईना,
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना.
तुम्ही जरा लागा ना!"

"मी कधीचाच लागलोय," चार्जर म्हणाला. "माझं एक टोक फोनमध्ये. दुसरं भिंतीत. फक्त वरचं बटण बंद आहे."

"मग काकूंनी दाबावं!"

"बटण दाबायचं काम नानांचं."

इंदुमतीनं स्वतःच दाबून पाहिलं. सहा पायांनी दाबलं. डोक्यानं दाबलं. बटणाला कळलंसुद्धा नाही.

"तू फार हलकी आहेस," चार्जर म्हणाला. "वर ट्यूबलाइटमागं पाल आहे. चांगली जाडी आहे. तिला सांग, बटणावर उडी मार."

इंदुमती गेली पालीकडे. तुरु... तुरु... तुरु. पार छतापर्यंत.

"पालमावशी, पालमावशी!
चार्जर काही लागेना,
फोन काही वाजेना,
शनिवार काही जाईना,
काकू काही ऐकेना,
नेलकटर चालेना,
पैलवान पाय देईना,
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना.
तुम्ही उडी मारा ना!"

"चुक चुक चुक," पाल म्हणाली. "अगं, मी कधीही मारीन. मला काय! पण मी उडी मारायला गेले की तो पैलवान फिरतो. टक टक टक. मी दचकते. आणि दचकले की माझी शेपटी गळते. दोनदा गळली. ही बघ, ही तिसरी. नवी कोरी आहे. आत्ताच आली."

"मग काय करू हो, मावशी?"

"सोप्पं आहे. आधी पैलवानची नखं काप."



इंदुमती छतावरून खाली बघत बसली. खाली पलंग होता. पलंगाखाली पैलवान होता. पैलवानच्या पायात दाणा होता. इथूनच तर ती निघाली होती.

ती पुन्हा खाली उतरली. ना तुरु, ना तुरु. नुसती चालत. पलंगाखाली गेली. आणि सगळं म्हणाली. आता काही मागायला नाही. नुसतंच सांगायला.

"पाल उडी मारेना,
चार्जर काही लागेना,
फोन काही वाजेना,
शनिवार काही जाईना,
काकू काही ऐकेना,
नेलकटर चालेना,
पैलवान पाय देईना,
दाणा मला मिळेना,
आई दार उघडेना."

"यातला पैलवान म्हणजे मी?" पैलवाननं विचारलं.

"हो."

"म्हणजे सगळं माझ्यामुळं?"

"हो."

पैलवान रडायला लागला. कुंई कुंई कुंई.

इंदुमतीही रडायला लागली. मुंगी रडते ते दिसत नाही. ऐकूही येत नाही. पण ती रडत होती. खूप.

रडून रडून दोघं दमली. इंदुमतीला बसायला जागा हवी होती. समोर काहीतरी मऊ होतं. ती त्यावर चढून बसली.

बराच वेळ गेला.

"पैलवानदादा," ती म्हणाली.

"काय?"

"ओरडू नका हं. मी तुमच्या पायावर बसलेय."

पैलवान थिजला. त्याचे कान मागं गेले. डोळे मोठे झाले.

"क... कधीपासून?"

"मघापासून."

"पण मला दुखलं नाही."

"नाही ना?"

"थांब. बघतो." पैलवाननं वाट पाहिली. अजून थोडी वाट पाहिली. "अजून नाही दुखत."

"मी धरलंच नाहीये. नुसती बसलेय."

पैलवाननं विचार केला. पहिल्यांदाच केला, त्यामुळं वेळ लागला.

"हे बघ," तो म्हणाला. "मी पाय देणार नाही. पण हलणार पण नाही. एवढं जमेल. मी हललो नाही तर टक टक होणार नाही. टक टक झालं नाही तर पाल दचकणार नाही."

"किती वेळ नाही हलणार?"

"तू दहा मोज."

"मला सहापर्यंतच येतात. पायांएवढे."

"मग सहा."

इंदुमती ओरडली, "मावशीऽऽ! तयार व्हा!" आणि मोजायला लागली.

एक. पैलवान हलला नाही.

दोन. पैलवान हलला नाही.

तीन. नाकाला खाज आली. पैलवान हलला नाही.

चार. कुकरची शिट्टी झाली. फिस्स्स! पैलवाननं डोळे मिटले. हलला नाही.

पाच. हलला नाही.

सहा!

टप्प!

पैलवान हलेना, म्हणून पाल दचकेना.
पालीनं उडी मारली.
बटण खाली गेलं.
चार्जर लागला.
फोनच्या पोटात वीज गेली.
फोन जागा झाला. टिंग!
आणि लगेच वाजायला लागला. ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

नानाच होते.

"अगं शोभना! आठ दिवस फोन बंद! बरी आहेस ना?"

"बरी आहे. शनिवार आहे."

"तो आहेच. पण फोन का बंद?"

"चार्जिंग तुमचं काम. आणि पान फाडायचं पण तुमचंच काम. आठ दिवस शनिवारच आहे इथं. आठ दिवस खिचडी!"



"अगं, मग तू फाड की पान!"

"मी? तुमचं काम मी करू?"

"कर. आजपासून ते काम तुझं. दिलं तुला."

काकू पदर खोचून पलंगावर चढल्या.

फर्र! शनिवार गेला.
फर्र! रविवार गेला.
फर्र! सोमवार गेला.
फर्र! मंगळवार गेला.
फर्र! बुधवार गेला.
फर्र! गुरुवार गेला.
फर्र! शुक्रवार गेला.

"आली का आजची तारीख?" नानांनी विचारलं.

"आली," काकू म्हणाल्या.

"वार कुठला?"

काकूंनी वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

"शनिवार."

"मग! मी मघाशीच म्हटलं, तो आहेच."

मोजून बघा. आठव्या दिवशी खरोखरीच शनिवार येतो. त्याला कुणी काही करू शकत नाही.

इंदुमती उताणी पडली. सहा पाय वर. काकूंनी खिचडी वाढून घेतली. आठवी.

ती रात्र इंदुमतीनं पैलवानच्या पायावर काढली.

सकाळ झाली. फर्र! रविवार आला. खरा. नवा. लाल अक्षरांतला.

काकूंनी एक अंडं उकडलं. त्याचे छोटे छोटे तुकडे केले. नेलकटर हातात घेतलं. आणि पलंगासमोर फरशीवर बसल्या. लांब. पैलवानकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुणी धरत नाही हं तुला, पैलवाना," त्या भिंतीला म्हणाल्या.

काकूंनी नेलकटर खाली ठेवलं. शेजारी अंड्याचा तुकडा.

पैलवाननं नाक बाहेर काढलं. सूं सूं सूं. नेलकटरचा वास घेतला. अंडं खाल्लं. नाक आत.

काकूंनी नेलकटर हवेत वाजवलं. हळू. कट्ट.

पैलवान थरथरला. काकूंनी तुकडा ठेवला. पैलवाननं खाल्ला.

कट्ट. तुकडा. कट्ट. तुकडा.

मग काकूंनी हात पुढं केला. पाय धरला नाही. नुसता तळहात, उघडा, फरशीवर.

पैलवाननं हाताकडे बघितलं. मग इंदुमतीकडे बघितलं.

"त्या धरत नाहीयेत," इंदुमती म्हणाली. "नुसत्या बसल्यात."

पैलवाननं पाय उचलला. ठेवला हातावर. पुढचा डावा. डोळे घट्ट मिटले.

कट्ट!

"झालं?" पैलवाननं विचारलं.

"झालं. फक्त टोक कापलं. शाब्बास रे माझ्या पैलवाना! घे अंडं." आणि काकू उठल्या. "आज एवढंच."

"एवढंच?" इंदुमती किंचाळली. "काकू! माझा दाणा मागच्या उजव्या पायात आहे! शेवटच्या नखामागं! तेच कापा ना!"

"मधलं सोडून कसं चालेल? ओळीनं जायचं. आणि रोज एकच नख. घाई केली की तो परत पलंगाखाली जाईल."

इंदुमतीनं पैलवानकडे पाहिलं. पैलवान बाहेर बसला होता. पलंगाच्या बाहेर. मिशीला अंडं लागलं होतं.

"किती नखं आहेत?" तिनं विचारलं.

"अठरा."

"मला सहापर्यंतच येतात."

"मग सहा सहा तीनदा मोज," काकू म्हणाल्या. "मध्ये शनिवार येतीलच. तेव्हा तू पण जरा दम खा."

इंदुमतीनं मोजलं.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. शनिवार.

रोज एक नख. रोज एक अंडं. रोज ती घरी जायची. "आई, दार उघड." "दाणा?" "अजून नाही." खर्र! आणि परत यायची पैलवानच्या पायावर.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. शनिवार.

टक टक आता टिक टिक झालं. पालीची शेपटी चांगली लांब झाली. ती सगळ्यांना दाखवत फिरायची. कुणी विचारलं नव्हतं.

एक, दोन, तीन, चार, पाच...

सहा!

सकाळीच पैलवान स्वतः येऊन बसला. काकू अजून दात घासत होत्या. तो बसला आणि त्यानं पाय लांब केला. मागचा. उजवा.

"काकू, या की," तो म्हणाला. "शेवटचं राहिलंय."

काकू आल्या. कट्ट! नख गेलं. कच्च! केसांचा गुंता गेला.

टिण्!

दाणा फरशीवर पडला.

पूर्वीसारखा चकचकीत नव्हता. जरा मळला होता. एक केसही चिकटला होता. पण दाणा होता. इंदुमतीनं तो तोंडात धरला. पैलवानकडे बघून मिशा हलवल्या. तोंड भरलेलं, बोलणार कशी?

आणि निघाली घरी. तुरु तुरु तुरु तुरु तुरु!

पैलवान मागोमाग आला. दारापर्यंत. पाय अजिबात वाजला नाही.

आईनं खडा सरकवला. खर्र! बाहेर पाहिलं. इंदुमतीनं दाणा खाली ठेवला. आईनं तो हुंगला.

"कुत्र्याचा वास येतोय," आई म्हणाली.

"येतो," इंदुमती म्हणाली.

"इतके दिवस लागले?"

"ओळ होती."

आईनं वर पाहिलं. वर एक भलंमोठं ओलं नाक होतं. आई जरा मागं सरली. मग इंदुमतीला तिनं आत ओढलं, दाण्यासकट, केसासकट.

आणि दार उघडंच ठेवलं.

संपली गोष्ट. पण गोष्ट फुकट नसते. ऐकलीस ना सगळी? मग काढ काय ते. पैसे नकोत. खाऊ नको. कानाला हात नको लावूस, कान नकोत.

नख हवं. एक. करंगळीचं चालेल.

चादरीखाली काय लपवलंस? हात ना? दिसतोय.

कुणी धरत नाही. ठेव इथं.